परसातील कोंबडी आणि तिसऱ्यांदा दिलेली नीट

नीटचा निकाल लागला की चिपळूण, दापोली, लांजा, राजापूर अशा ठिकठिकाणांहून माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या मुखी दरसाल एकच प्रश्न असतो : गुण थोडक्यात हुकले, तर मुलाला आणखी एक वर्ष बसवावे काय? मी सरळ ‘नाही’ म्हणतो. कारण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस परीक्षेला बसणाऱ्यांत ज्यांना वैद्यकाची स्वतःची ओढ आहे असे थोडे, आणि घराण्याच्या प्रतिष्ठेपायी ज्यांच्या उमेदीची वर्षे गहाण पडली आहेत असे पुष्कळ, हे मी फार जवळून पाहिले आहे.

अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वाणिज्य यांचे मार्ग सर्वांस ठाऊक आहेत. त्यांत वेळ दवडीत नाही. मला सांगावयाचे आहे ते एका उपेक्षित विद्येविषयी, म्हणजे पशू आनुवंशिकी व पैदास यांविषयी.

पाहुणा आला की वड्यांबरोबर गावठी कोंबडीच हवी असा आग्रह धरणारे आपण, तिचे मांस ब्रॉयलरहून घट्ट आणि चवदार का, हे क्वचितच विचारतो. वय, हिंडणे-फिरणे आणि आहार यांचा त्यात वाटा आहेच. परंतु वंशाचाही वाटा असतो; कोंबडीच्या वाढीत तो किती मोठा असतो, हे कॅनडातील एका प्रयोगाने स्पष्ट केले. १९५७ सालापासून जतन केलेल्या जुन्या वाणाची आणि २००५ सालच्या नव्या वाणाची पिल्ले एकाच खाद्यावर वाढविली असता, छप्पन्नाव्या दिवशी पहिली सुमारे ९०० ग्रॅम आणि दुसरी चार किलोंहून अधिक भरली. फ्रान्समधील संशोधकांनी तर केवळ पिढ्यानपिढ्यांच्या निवडीने, वजन जवळपास सारखे पण पोटातील चरबी मात्र कित्येक पटींनी कमी-अधिक, असे दोन वंश निर्माण केले. पोटातील चरबी म्हणजे खाद्याचा निव्वळ अपव्यय. उलट स्नायूंच्या तंतूंत मुरलेली अल्प चरबी मांसाला रसाळपणा देते. पहिली घटवून दुसरी राखणे, आणि तसे करताना झपाट्याने वाढणाऱ्या वाणांत आढळणारे छातीच्या मांसावरील पांढरे पट्टे व लाकडासारखा ताठरपणा टाळणे, हे आनुवंशिकीचे खरे कसब होय.

शिवाय या विद्येचा एक धागा आपल्या डोंगरातूनच गेलेला आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. परंतु तिच्या कातडीला पिवळेपणा देणारे जनुकरूप सह्याद्रीच्या रानांत पहाटे आरवणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून आले, असे २००८ साली सिद्ध झाले. चांदोलीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आमच्या मुलांना हे कोणी सांगितलेले नसते, याचे मला मनापासून दुःख होते.

मार्ग असा : त्याच नीटच्या गुणांवर पशुवैद्यकाची साडेपाच वर्षांची पदवी. १८८६ साली स्थापन झालेले मुंबईचे महाविद्यालय आणि शिरवळचे महाविद्यालय, दोन्ही नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहेत. त्यानंतर पशू आनुवंशिकी व पैदास या विषयातील पदव्युत्तर शिक्षण. पुढे ‘वनराजा’ हा परसातील कोंबडीचा वाण घडविणारी हैदराबादची कुक्कुट संशोधन संस्था, इज्जतनगरची पक्षी संशोधन संस्था, अथवा पुण्याकडील खासगी पैदास केंद्रे. जागा विपुल नाहीत, आणि ज्याला संख्याशास्त्राचा कंटाळा आहे त्याने इकडे फिरकूच नये; कारण येथील अर्धे आयुष्य वंशावळीच्या हिशेबात आणि संगणकापुढे जाते.

तरीही खरा अडथळा जागांचा नसून घरातला आहे. ‘गुरांचा डॉक्टर म्हटल्यावर सोयरिकी कशा जमणार?’ असे एका वडिलांनी मुलीच्या समक्ष मला विचारले. तिने त्या क्षणी मान खाली घातली, ती उठेपर्यंत वर केली नाही. गृहस्थहो, हा छळ आहे, आणि त्याला काळजी असे नाव दिल्याने तो सौम्य होत नाही. अर्जाची मुदत संपण्यापूर्वी मुलाला किंवा मुलीला घेऊन एकवार शिरवळला जा, तेथील वर्ग, प्रयोगशाळा आणि गोठे त्यांना डोळ्यांनी पाहू द्या, आणि परतीच्या गाडीत त्यांनी आपण होऊन तोंड उघडीपर्यंत तुम्ही काहीही बोलू नका.