मुलांचे पान : दिवाळीचा किल्ला, न भेगाळणारा



सहामाही परीक्षा आटोपली, कारखान्याचे बॉयलर पेटायच्या तयारीत आहेत आणि घरात चकलीच्या भाजणीचा वास सुटला आहे. म्हणजे अंगणात किल्ला करायची वेळ झाली. दर वर्षी गावात पन्नास किल्ले होतात आणि त्यांतले चाळीस पाडव्यापर्यंत भेगाळतात. याला कारण आपली माती आणि आपली घाई. यंदा दोन्हींकडे जरा लक्ष देऊ.

आपल्याकडची माती काळी. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या तुम्ही पाहिल्याच आहेत. तीच माती नुसती थापली तर किल्ल्यालाही भेगा पडणारच. म्हणून तिच्यात न आकसणारं काहीतरी मिसळायचं. दोन घमेली काळी माती, एक घमेलं चाळलेला मुरूम किंवा वाळू आणि एक घमेलं गव्हाचा भुस्सा. भुस्सा नसला तर गुऱ्हाळावरचं चिपाड बारीक कुटून घ्या, त्याचे धागे माती धरून ठेवतात. गावठाणातली पांढरी माती मिळाली तर फारच छान. जुन्या धाब्याच्या घरांवर तीच टाकत, आजोबांना विचारा.

पण प्रत्येक रानाची माती वेगळी, म्हणून माझं प्रमाण डोळे झाकून घेऊ नका. आधी तीन वड्या थापा : एक नुसत्या मातीची, एक कमी भुश्शाची, एक जास्त भुश्शाची. दोन दिवस सावलीत वाळवा. जी भेगाळली नाही आणि बोटाने चुरडलीही नाही, तिचा गारा करा. हे दोन दिवस कुणालाच नको असतात, पण पुढचे आठ दिवस त्यावरच उभे आहेत.

गारा पायांनी तुडवायचा आणि रात्रभर मुरू द्यायचा. तुडवायला माणसं लागतात. कारखान्याच्या तळावर ऊसतोडीच्या कोप्या पडल्या असतील तर तिथल्या मुलांना हाक मारा. ती बीडकडून, धाराशिवकडून, जत-माणकडून आलेली असतात. त्यांची दिवाळी दर वर्षी परमुलखात होते आणि कोपीपुढे किल्ला करायला जागाही नसते. त्यांच्याकडचे किल्लेही विचारा. परांड्याचा भुईकोट आहे, भोवती खंदक असलेला. आपली पोरं डोंगरच करतात, खंदक कुणाला सुचत नाही.

आता किल्ला कोणता करायचा? वाळव्याच्या मुलांना मच्छिंद्रगड आहे, कराडकरांना वसंतगड आणि सदाशिवगड, सांगलीत तर गणेशदुर्ग गावातच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत आपला प्रतापगडही आहे. तेव्हा यंदा अंगणोअंगणी प्रतापगड दिसणार. मी मात्र अजिंक्यतारा सुचवीन. त्याचा माथा लांब आणि सपाट, त्यामुळे नवशिक्याला सोपा. शिवाय साताऱ्याला जाणाऱ्या कुणालाही तो एसटीच्या खिडकीतून दिसतो. वहीत एकदा त्याची कड काढून आणा. बहुतेक मुलं डोंगर म्हणून शंखासारखं टोक करतात आणि वर तट बांधायला जागाच उरत नाही.

खाली दगड, फुटक्या विटा, जुनी खोकी रचा. त्यावर गोणपाट पसरा, पण ते आधी पातळ गाऱ्यात बुडवून काढा. कोरडं गोणपाट मातीतलं पाणी पिऊन घेतं आणि वरचा थर सुटतो. मग गारा दोन बोटं जाड लावा, एकदम नाही, दोन थरांत. पहिला थर जरा ओलसर असतानाच दुसरा. कडेला उभे कातळ दाखवायचे तर चमच्याने खरवडा.

तट नुसत्या चिखलाची वळकटी ठेवून करू नका, विटांचा बांधा. काडेपेटीचं आतलं सरकं खोकं हा विटेचा साचा. आत राख भुरभुरवायची, गारा दाबून भरायचा, उलटं करून हलकेच ठोकायचं. वीट सुटून येते. खोकं ओलं होऊन मऊ पडतं, म्हणून चार-पाच काडेपेट्या जमवून ठेवा. विटा वाळल्या की रचताना खालच्या सांध्यावर वरची वीट आली पाहिजे, सांध्यावर सांधा नको. गवंडीकाका हेच करतात. बुरूज गोल हवेत, त्याला नारळाची करवंटी पालथी घालून वर गारा लिंपा.

दरवाजा समोरून दिसता कामा नये. इथे सगळ्यांचं चुकतं, कारण दरवाजाच सगळ्यांत हौसेने रंगवलेला असतो. आपल्या गडांचे दरवाजे दोन बुरुजांच्या कुशीत लपवलेले असत. वाट वळत वळत यायची, म्हणजे हत्तीला धावत येऊन धडक देता येत नाही आणि वळणावर वरून मारा होतो. रायगडाचा महादरवाजा असाच आहे. तुमची वाटही दरवाजापाशी वळवा.

मावळे विकत आणायची गरज नाही. ओढ्याकाठचा गाळाचा पोयटा चाळून मळा आणि बोटाएवढे मावळे करा. हातपाय जाड ठेवा, बारीक केले की वाळताना मोडतात. तोफेला जोंधळ्याच्या ताटाचा भेंड घ्या आणि काजळी फासा. रंगाला गेरू पुरे. चुना लावायचा तर मोठ्या माणसांकडून, डोळ्यांत गेला तर इजा होते. विळा आणि ब्लेडही त्यांच्याच हातात.

टाकं करताना मात्र भुस्सा विसरा. तिथे नुसती काळी माती चोपून लावा. ओली राहिली की ती फुगते आणि पाणी धरते, म्हणजे जी खोड तटाला नडली तीच इथे उपयोगी. कारंजं हवं असेल तर पडून असलेली ठिबकची बारकी नळी घ्या. दवाखान्यामागच्या ढिगातली सलाईनची नळी कधी उचलू नका. बादली ओट्यावर, टोक खाली किल्ल्यात. पाणी बादलीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर उडणार नाही, एवढं ध्यानात ठेवून बादलीची जागा ठरवा.

गवतासाठी मोहरीपेक्षा अळीव बरे. भिजले की चिकट होतात आणि उभ्या उतारालाही धरून राहतात, मोहरी घरंगळते. धनत्रयोदशीच्या पाच-सहा दिवस आधी लावा आणि पाणी शिंपडून द्या, ओतू नका. परतीचा पाऊस आला तर झाकायला खताचं रिकामं पोतं जवळ असू द्या.

आता फटाक्याचं. शेवटच्या दिवशी बुरुजात सुतळी बॉम्ब लावून किल्ला उडवायची चाल बऱ्याच गावांत आहे. अजिंक्यताऱ्यावर हे खरोखर झालं होतं. १७०० च्या एप्रिलात औरंगजेबाच्या फौजेने तटाखाली सुरुंग लावले. पहिल्याने तटाचा भाग आत कोसळला आणि किल्लेदार प्रयागजी प्रभू मातीखाली गाडले गेले, पण जिवंत निघाले. दुसरा सुरुंग उलटा बाहेर फुटला आणि तट चढाईला उभ्या असलेल्या मोगल सैन्यावरच पडला. सुरुंग कुठे फुटेल हे लावणाऱ्यालाही सांगता आलं नाही. मातीत दाबलेल्या सुतळी बॉम्बचंही तसंच आहे, खडे डोळ्यांत जातात.

आणि आपल्या अंगणापलीकडे ऊस उभा असतो. दिवाळीत पाला वाळलेला, शेजारी पाचटाचा ढीग. एक बाण भलतीकडे गेला की फड पेटतो, आणि एकाचा पेटला की बांधाबांधाने दुसऱ्याचा. जळीत ऊस लगेच तोडावा लागतो, त्याचं वजन आणि उतारा घटतो, बिलात कपात होते. ते पैसे म्हणजे तुमच्याच घरचं पुढच्या वर्षीचं खत आणि शाळेची फी. म्हणून किल्ला पाचटाच्या ढिगापासून लांब करा, फटाके मोकळ्या रानात मोठ्यांच्या देखत उडवा आणि पाण्याची घागर जवळ ठेवा. रॉकेट तर उसाच्या गावात नकोच.

तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडा. वरचा गारा परड्यात पसरा, भुस्सा कुजून जाईल. गोणपाट धुऊन ठेवा, काडेपेटीच्या विटा टोपलीत भरा, पुढच्या वर्षी निम्मं काम वाचेल. उरलेला पोयटा वाळवून डब्यात घाला. बेंदराला तो कुटून भिजवला की त्याचीच बैलजोडी होते.