कृषी विद्यापीठांचा पाया घालणारा लोहाराचा मुलगा : जस्टिन मॉरिल

आपण माती तपासायला किंवा सुधारित बियाणे घ्यायला कृषी विद्यापीठात जातो. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एकाच संस्थेने करायची, ही रचना आपल्याकडे अमेरिकेतून आली. तिचा पहिला कायदा ज्याच्या नावाने ओळखला जातो तो जस्टिन स्मिथ मॉरिल स्वतः कधी कॉलेजात गेला नव्हता.

मॉरिल यांचा जन्म १८१० साली व्हरमाँट राज्यातील स्ट्रॅफर्ड या डोंगराळ गावी झाला. वडील लोहार. पुढे शिकवण्याइतकी घरची ऐपत नव्हती, म्हणून पंधराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि पोरगा दुकानात कारकुनी करू लागला. पुढे दुकानदारीत भागीदारी मिळाली, पैसा साठला. चाळिशीच्या आत धंद्यातून अंग काढून त्यांनी गावातच घर बांधले आणि शेती-बागेत लक्ष घातले. १८५५ मध्ये ते अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात गेले. १८६७ पासून ते सिनेटर होते आणि १८९८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले.

त्या काळी तिकडची कॉलेजे प्रामुख्याने धर्मोपदेशक, वकील आणि डॉक्टर घडवत. त्याच त्या पिकांनी जमिनी थकत होत्या, उतारा घटत होता. हे आकड्यांनिशी सभागृहापुढे मांडून मॉरिल यांनी १८५७ च्या डिसेंबरात विधेयक आणले. दोन्ही सभागृहांत ते काठावर मंजूर झाले, पण १८५९ मध्ये अध्यक्ष ब्यूकॅनन यांनी नकाराधिकार वापरला. शिक्षणासाठी जमीन देण्याचा केंद्राला अधिकारच नाही, असे त्यांचे म्हणणे. दक्षिणेकडील बहुतेक सभासदांचाही विरोध होताच. यादवी युद्धात ती राज्ये फुटून निघाली, विरोध ओसरला आणि २ जुलै १८६२ रोजी लिंकन यांनी कायद्यावर सही केली.

कायद्याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. राज्याच्या प्रत्येक सिनेटर व प्रतिनिधीमागे ३०,००० एकर सरकारी जमीन. म्हणजे २ सिनेटर आणि ८ प्रतिनिधी असलेल्या राज्याला ३ लाख एकर. एकरी सव्वा डॉलर या सरकारी दराने तिचे ३,७५,००० डॉलर होतात. ही रक्कम किमान ५ टक्के व्याजाने गुंतवायची, आणि वर्षाला येणाऱ्या १८,७५० डॉलरांवर कॉलेज चालवायचे. मुद्दलाला हात लावायचा नाही. फार तर दहावा हिस्सा जागा किंवा प्रयोगशेतीच्या जमिनीसाठी. इमारतीवर तर यातला एक डॉलरही खर्चायचा नाही! आमच्या मते कायद्यातले सर्वांत शहाणे कलम हेच. मात्र अनेक राज्यांनी घाईने जमिनीची हक्कपत्रे विकली आणि एकरी डॉलरही हाती आला नाही.

ही जमीन सरकारची म्हटली, तरी ती मुळात तेथील आदिवासी जमातींकडून, बऱ्याचदा बळाने किंवा नाममात्र मोबदल्यात, घेतलेली होती. कृष्णवर्णीयांनाही दक्षिणेत या कॉलेजांची दारे बहुधा बंदच राहिली. ऐंशी वर्षांच्या मॉरिल यांनी १८९० मध्ये दुसरा कायदा मंजूर करून घेतला. वर्णावरून प्रवेश नाकारणाऱ्या राज्याने कृष्णवर्णीयांसाठी वेगळे कॉलेज काढावे, नाहीतर त्याला पैसा नाही. भेदभाव त्याने मोडला नाही, वेगळेपणालाच मान्यता दिली. पण त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थांत हजारो मुले शिकली.

दरम्यान १८८७ च्या कायद्याने या कॉलेजांना प्रयोग केंद्रे जोडली गेली आणि १९१४ च्या कायद्याने गावोगाव जाणारी विस्तारसेवा.

भारतात या धर्तीवरचे पहिले कृषी विद्यापीठ १९६० मध्ये पंतनगरला निघाले. महाराष्ट्राच्या मदतीला पेनसिल्व्हेनिया स्टेट हे तसलेच विद्यापीठ होते. १९६८ मध्ये राहुरी, १९६९ मध्ये अकोला आणि १९७२ मध्ये परभणी व दापोली येथे आपली विद्यापीठे उभी राहिली.