एकच सांगाडा, म्हणून काय?

अगं, काल फोनवर तू इतक्या तावातावाने बोलत होतीस की मला मधे तोंड उघडायलाही जागा नव्हती. म्हणून आता निवांत लिहितेय. संख्याशास्त्र सोडून पुरातत्त्वाला आलीस, पहिल्याच सत्रात राखीगढी समोर आलं आणि तुझं डोकं फिरलं. "एका सांगाड्यावरून अख्ख्या हडप्पा संस्कृतीबद्दल बोलतात, ताई! आमच्याकडे एका नमुन्यावर कुणी निष्कर्ष काढला असता तर सरांनी वर्गाबाहेर काढलं असतं."

काढलं असतं, खरंय. पण एक म्हणजे कशाचा एक, ते तर विचार.

हरियाणातल्या राखीगढीच्या दफनभूमीत डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी खोदकाम केलं. 61 नमुने तपासले. आपल्याकडच्या उष्णतेत डीएनए फारसा टिकत नाही, त्यामुळे कामापुरता मिळाला तो साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या आसपासच्या एकाच बाईचा. 2019 मध्ये ते संशोधन 'सेल' या शोधपत्रिकेत आलं. आता, ती काय खात होती, किती उंच होती, कशाने गेली, यावरून कुणी साऱ्या हडप्पावासीयांबद्दल बोलू लागलं तर तुझा राग शंभर टक्के रास्त. तिथे नमुना एकच. पण पूर्वज कोण असं विचारलंस की हिशेब बदलतो. आईवडील दोन, त्यांचे आईवडील चार, मग आठ, सोळा. दहा पिढ्या मागे गेलीस की हजारावर माणसं. तिच्या जनुकांचे तुकडे त्यांतल्या कितीतरी जणांकडून आलेले. म्हणजे एका बाईत एका मोठ्या समूहाची सरमिसळ वाचता येते.

तुझी पुढची शंका मला आत्ताच ऐकू येतेय: ती बाई तिथली नसेलच तर? उत्तम शंका. तुर्कमेनिस्तानातलं गोनूर आणि इराणातलं शहर-ए-सोख्ता इथे अकरा माणसं अशी सापडली होती की त्यांचा डीएनए शेजारीपाजारी पुरलेल्यांशी जुळेना. ही सिंधूकडून आलेली असावीत असा तर्क होता. राखीगढीच्या बाईची सरमिसळ नेमकी त्यांच्याशी जुळली. तू ज्याला एक नमुना म्हणतेस त्याच्या पाठीशी हे अकरा उभे आहेत.

आता दुसरी बाजू. तिच्यात युरेशियाच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश सापडला नाही. एवढ्यावरून, त्या पशुपालकांनाच आर्य धरून, टीव्हीवर थेट "आर्य आलेच नाहीत" इथपर्यंत उडी गेली. त्याच वेळी 'सायन्स'मध्ये आलेल्या, बरेचसे तेच लेखक असलेल्या शोधनिबंधात पाचशेवर प्राचीन माणसांचा डीएनए होता. त्यात तो अंश दक्षिण आशियात इ.स.पू. 2000 ते 1500 च्या सुमाराला आला असं मांडलंय. जे घडण्याआधीच ही बाई वारली, ते घडलं की नाही हे तिला कसं विचारणार? आणि ती कुठली भाषा बोलायची, हे हाड कधीच सांगणार नाही. डीएनए माणसांची सोयरीक सांगतो, त्यांच्या तोंडची बोली नाही.

आता आम्हा भाषावाल्यांची घरातली गोष्टही सांगते, बाहेर फार बोलू नकोस. कुठली भाषा कुणाची बहीण आणि कुठला बदल आधी, कुठला नंतर, हे आम्ही छातीठोकपणे सांगतो. कधी, असं विचारलं की आमची पंचाईत होते. तुर्कस्तानात हत्तुसा इथे सापडलेल्या मितन्नी आणि हित्ती राजांच्या तहात मित्र, वरुण, इंद्र, नासत्य या वैदिक देवांची नावं आहेत. इ.स.पू. चौदावं शतक. आमच्यासाठी ती सोन्याची तारीख, पण ती काढली इतिहासवाल्यांनी, राजांच्या कारकिर्दींवरून.

म्हणून दोन शास्त्रं एकच तारीख सांगू लागली की लगेच हुरळून जाऊ नकोस. ती तारीख कुणी कुणाकडून घेतली ते बघ. दोन साक्षीदार एकाच एसटीतून उतरले असतील तर साक्ष एकच धरायची. माक्स म्युलरने 1859 मध्ये वैदिक वाङ्मयाचे थर अंदाजाने दोनदोनशे वर्षांचे धरले आणि ऋग्वेद इ.स.पू. 1200 ते 1000 वर नेऊन ठेवला. हा अंदाज आहे हे तो स्वतःच पुढे सांगत राहिला, पण तोवर इतरांच्या पुस्तकांत तो सिद्ध झाल्यासारखा छापून येऊ लागला होता. तळटिपांचा माग काढत मागे जायचं काम कंटाळवाणं आहे. पण ते केल्याशिवाय वर्गात तोंड उघडू नये असं माझं मत.

आणि "खरं शास्त्र फक्त प्रयोगशाळेत" हा तोरा उतरव बाई. लिबी नावाच्या शास्त्रज्ञाने 1949 मध्ये कार्बनवरून काळ मोजून दाखवला, 1960 मध्ये नोबेल मिळवलं. पण इजिप्तमधल्या, तारीख आधीच ठाऊक असलेल्या वस्तूंशी काही आकडे जुळेनात. पुढे झाडांच्या खोडातली वर्तुळं मोजली तेव्हा कळलं की हवेतला कार्बन-14 कायम सारखा नव्हता. जुन्या तारखा काही शतकांनी अलीकडच्या निघत होत्या. तिथे भौतिकशास्त्राचं गणित खोडावरच्या वर्तुळांनी सुधारलं.

वर्गात "हा पुरावाच नाही" म्हणून भांडण्यापेक्षा दुपारी प्राण्यांच्या हाडांवर काम करणाऱ्यांच्या खोलीत जाऊन बस. शेळी आणि मेंढी यांची बरीचशी हाडं वेगळी ओळखता येत नाहीत, म्हणून अहवालात ती एकत्रच मोजतात. हा प्रांजळपणा पाहिलास की ही माणसं कुठे ठाम असतात आणि कुठे हात राखून बोलतात ते कळायला लागेल. मग गुजरातमधल्या सुरकोटडा या हडप्पा स्थळाचा विषय काढ. तिथली हाडं बोकोनी या हाडतज्ज्ञांनी घोड्याची ठरवली, त्याच क्षेत्रातल्या मेडो यांना ते पटलं नाही. हाडं तीच. चहा पाजलास तर त्या वादावर तास-दीड तास सहज ऐकायला मिळेल.

त्या अकरा जणांचं गणित 'सायन्स'मधल्या शोधनिबंधाच्या पुरवणीत आहे. तुमच्या वर्गात ते नीट वाचू शकेल अशी बहुधा तूच. शनिवारी येताना घेऊन ये, मला त्यातलं निम्मं कळलेलं नाही. आणि येताना आईची औषधंही आण, मागच्या वेळी विसरलीस.