उन्हाळी तीर्थयात्रा : वस्त्रांची निवड व उन्हापासून रक्षण

महाभारताच्या अनुशासनपर्वात छत्री व पादत्राणे यांच्या दानाविषयी एक कथा आली आहे. जमदग्नी ऋषी बाण सोडीत होते आणि माता रेणुका ते वेचून आणून देत होती. ज्येष्ठ मासातील मध्यान्हीची वेळ होती. तापलेल्या भूमीने पाय व प्रखर किरणांनी मस्तक पोळल्यामुळे ती काही क्षण वृक्षाच्या छायेत थांबली. विलंबाचे कारण कळताच जमदग्नींनी सूर्यावरच धनुष्य रोखले. तेव्हा सूर्याने ब्राह्मणरूपात येऊन मस्तकाच्या रक्षणासाठी छत्र आणि पायांच्या रक्षणासाठी पादत्राणे दिली, अशी ही कथा आहे. सूर्य आपला ताप मागे घेत नाही. त्या तापातून चालणाऱ्यास रक्षणाचे साधन देतो. उन्हाळ्यात वऱ्हाडातील तीर्थक्षेत्रांच्या दर्शनास येणाऱ्या प्रत्येक भाविकाने ध्यानी धरावा असा बोध या कथेत आहे. देह झाकून, जपून केलेल्या यात्रेने भक्ती उणी होत नाही.

वऱ्हाडातील ऊन

उत्तरेस सातपुड्याच्या गाविलगड रांगा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर आणि मध्ये पूर्णा नदीचे काळ्या मातीचे सपाट खोरे, अशी या प्रदेशाची रचना आहे. समुद्र दूर असल्याने येथील उन्हाळा कोरडा व कडक असतो. अकोल्याच्या तापमानाने ४७ अंश सेल्सिअसची मर्यादा ओलांडल्याची नोंद आहे. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे गेल्याने अकोला जिल्ह्यात मेअखेरपर्यंत कलम १४४ अन्वये प्रतिबंधात्मक आदेश लागू करावे लागले होते. सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो त्या सुमारास, म्हणजे साधारणतः २५ मेपासून, येणारे नऊ दिवस ‘नवतपा’ या नावाने विदर्भात सर्वपरिचित आहेत.

याच काळात यात्रेकरूंची वर्दळ असते. शाळांना सुट्या असल्याने अमरावतीची श्री अंबादेवी व श्री एकवीरादेवी, अकोल्याचे श्री राजराजेश्वर, मोझरीचे गुरुकुंज, शेगाव व कौंडण्यपूर येथे सहकुटुंब येणाऱ्यांची संख्या वाढते. ज्येष्ठात शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपूरकडे निघते व प्रथम अकोला जिल्ह्यातून जाते. कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखीही आषाढीसाठी प्रस्थान ठेवते. पाऊस लांबला तर पायी चालणाऱ्या वारकऱ्यांना आरंभीचे कित्येक दिवस कडक उन्हातच काढावे लागतात.

वस्त्र काय करते?

मनुष्याच्या त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश असते. हवा त्यापेक्षा थंड असेल तोवर अंगातील उष्णता हवेत निघून जाते. हवा ४२–४३ अंशांची झाली म्हणजे क्रम उलटतो व हवाच अंगाला तापवू लागते. अशा वेळी देह थंड राखण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणे. एक लिटर घामाची वाफ होताना शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. घाम केवळ निथळून खाली पडला तर हा लाभ मिळत नाही.

यावरून प्रवासी वस्त्राची दोन कामे ठरतात. पहिले, सूर्याचे किरण व उष्ण झळा त्वचेपर्यंत येऊ न देणे. दुसरे, अंगावरचा घाम वाळू देणे. जाड व घट्ट वस्त्र पहिले काम करते पण दुसरे अडविते. अत्यंत विरळ वस्त्र दुसरे काम करते पण पहिल्यात कमी पडते. दोन्ही साधणारे वस्त्र निवडणे हीच खरी पारख होय. ‘उकडते म्हणून बाह्या आखूड’ हा समज वऱ्हाडच्या उन्हात चुकीचा ठरतो. भर दुपारी शेतात राबणारा येथील शेतकरी पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो आणि डोईला दुपट्टा गुंडाळतो, त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे.

कापडाची पारख

वऱ्हाड ही कापसाची भूमी असल्याने सुती वस्त्राची थोरवी येथे नव्याने सांगावयास नको. सामान्य हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के ओलावा धरतो. पॉलिएस्टरचा धागा अर्धा टक्काही धरीत नाही. म्हणून सुती वस्त्र घाम टिपते व कोरड्या हवेत तो हळूहळू वाळू देते, तर साधे टेरिलिन वा नायलॉन अंगाला चिकटते.

तथापि सर्वच सुती कापड उन्हास सारखे अडवीत नाही. वस्त्राच्या सूर्यरक्षक क्षमतेसाठी ‘यूपीएफ’ हा अंक वापरतात. अंक ५० असेल तर अतिनील किरणांचा पन्नासावा भागच आत येतो. अंक ५ असेल तर पाचवा भाग आत येतो. पातळ, पांढऱ्या, विरळ विणीच्या सुती कापडाचा अंक ५ ते १० च्या आसपास राहतो आणि ते भिजल्यावर आणखी घटतो. म्हणजे मलमलीचा एकेरी सदरा घालून दिवसभर चालणाऱ्याची पाठ वस्त्राखालूनही भाजू शकते. त्यावर सोपे उपाय आहेत. मलमल खांद्यावर दुहेरी घ्यावी. अथवा केंब्रिक किंवा बारीक सुताची खादी यांसारखे दाट विणीचे पण वजनाला हलके कापड घ्यावे. न विरंजलेल्या, पिवळसर सुती कापडात कापसाची नैसर्गिक द्रव्ये शिल्लक असल्याने ते शुभ्र कापडापेक्षा किरण अधिक अडविते. नवे सुती कापड दोन-तीन वेळा धुतल्यावर आटते, वीण दाटते व रक्षण वाढते. जुने विरलेले कापड मात्र उन्हात निरुपयोगी होय.

दुकानात कापड घेताना पुढील चार परीक्षा कोणासही करता येतील.

१. उजेडाची परीक्षा : कापड एकेरी धरून उजेडाकडे पाहावे. पलीकडील बोटे स्पष्ट दिसत असतील तर वीण उन्हासाठी विरळ आहे.

२. फुंकरीची परीक्षा : कापड ओठांशी धरून फुंकर घालावी. वारा सहज पार गेला पाहिजे.

३. थेंबाची परीक्षा : पाण्याचा थेंब टाकावा. तो लगेच पसरून शोषला गेला तर कापड घाम टिपणारे आहे. नव्या कापडास खळ असते, म्हणून ही परीक्षा धुतलेल्या तुकड्यावर करावी.

४. धाग्याची परीक्षा : काठाचा एक धागा काढून सुरक्षित जागी जाळावा. सुती धाग्यास जळत्या कागदासारखा वास येतो व मऊ राख उरते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते.

अलीकडे यूपीएफ अंक छापलेली, लवकर वाळणारी हलकी कृत्रिम वस्त्रेही मिळतात. पहिल्या पावसानंतर हवा दमट झाली म्हणजे सुती कपडे ओलेच राहतात, मांड्या व काखा घासून सोलवटतात. पायी वारीत अशा वेळी ही वस्त्रे उपयोगी पडतात. परंतु अंक व कापडाचा प्रकार लिहिलेला नसेल तर केवळ विक्रेत्याच्या शब्दावर ती घेऊ नयेत. सुतीच कपडे वापरणाऱ्यांनी दोन जोड जवळ ठेवून मुक्कामी बदलावेत.

रंगाचा प्रश्न

उन्हाळ्यात पांढरे वस्त्र घालावे हे सर्वांस ठाऊक आहे आणि ते योग्यच आहे. पांढरा रंग ऊन परतवितो व कमी तापतो. मात्र अतिनील किरण अडविण्यात गडद रंग अधिक समर्थ असतात. वाळवंटातील बेदुइन लोक काळे पायघोळ झगे का घालतात, याचा अभ्यास १९८० साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाला होता. काळा झगा अधिक तापतो, परंतु तो सैल असल्याने ती जादा उष्णता त्वचेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच आतल्या खेळत्या हवेबरोबर निघून जाते. परिणामी काळ्या व पांढऱ्या झग्यात अंगाला लागणारी उष्णता सारखीच आढळली. तात्पर्य, रंगापेक्षा सैलपणाला अधिक महत्त्व आहे. अंगाला भिडणारे वस्त्र असेल तर फिकट रंगच घ्यावा. छत्रीबाबत मात्र दाट कापडाची काळी छत्री किरण चांगले अडविते, म्हणून ती जुनी म्हणून टाकू नये.

शिवण व पोशाख

पुरुषांनी पूर्ण बाह्यांचा सैल सदरा व लेंगा अथवा धोतर वापरावे. सदऱ्यास बंद गळा असल्यास मानेचे रक्षण होते. स्त्रियांसाठी सुती लुगडे व लांब बाह्यांचे पोलके, किंवा सैल सलवार-कुर्ता व रुंद सुती ओढणी सोयीची. जॉर्जेट, जरीकाम व अस्तर लावलेली भारी वस्त्रे दर्शनापुरती ठेवावीत. रांगेत व प्रवासात ती नेसू नयेत. विदर्भात वापरला जाणारा सुती सनकोट दुचाकीवरील प्रवासात उत्तम. लहान मुलांना उघडे-वाघडे न ठेवता सैल, पूर्ण अंगाचे कपडे व काठाची टोपी घालावी. तान्ह्या बाळाला मात्र दुपट्ट्यात घट्ट गुंडाळू नये. त्याचा श्वास व अंगातील उष्णता दोन्ही कोंडतात.

दर्शनासाठी अंग झाकणारा सात्त्विक वेश असावा, अशी आपल्या देवस्थानांची जुनी रीत आहे. तो वेश उन्हासही अनुकूल आहे, हे येथे सहज लक्षात येईल.

मस्तक, चेहरा व पाय

साध्या टोपीने टाळू झाकते, पण कान व मान उघडी राहते. म्हणून दोन-अडीच हात रुंद सुती दुपट्टा किंवा पंचा डोक्यावरून कान झाकून मानेमागे सोडावा. येथील कोरड्या हवेत तो पाण्यात भिजवून पिळून घेतल्यास वाळताना मस्तकास गारवा देतो. वाळला की पुन्हा भिजवावा. नाकातोंडावरून घेतलेला पदर श्वास कोंडेल इतका आवळू नये. खिशात कांदा बाळगण्याची प्रथा आहे, परंतु त्याच्या भरवशावर डोके उघडे ठेवणे धोक्याचे आहे.

चिखलदऱ्यासारख्या सुमारे ११०० मीटर उंचीच्या ठिकाणी हवा गार लागते व भाविक निर्धास्त होतात. वास्तविक उंचीवर अतिनील किरणे अधिक तीव्र असतात. तेथेही डोके व हात झाकलेलेच असावेत.

मंदिराच्या प्रांगणातील दगडी फरशी दुपारी पायांस फोड आणण्याइतकी तापते. पादत्राणे काढल्यावर चालण्यासाठी जाड सुती मोज्यांचा जोड पिशवीत ठेवावा. मधुमेही भाविकांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते. पाय भाजला तरी त्यांना वेळीच कळत नाही. त्यांनी प्रांगणातील दर्शन सकाळी किंवा सायंकाळीच घ्यावे.

दात्यांसाठी विशेष विचार

वैशाखात, विशेषतः अक्षय्य तृतीयेस, जलकुंभ, छत्री, पंखा व पादत्राणे यांचे दान देण्याची परंपरा आहे. त्या दानामागील दृष्टी वस्त्रदानातही राहिली पाहिजे. सत्कारासाठी व वारकऱ्यांना वाटण्यासाठी पुष्कळदा चकचकीत कृत्रिम शाली घेतल्या जातात. उन्हात चालणाऱ्यास त्यांचा काडीचाही उपयोग होत नाही. तेवढ्याच द्रव्यात सुती पंचे, रुंद दुपट्टे किंवा मुलांच्या काठाच्या टोप्या येऊ शकतात. घाऊक खरेदीपूर्वी एक नग आणून तो धुवावा व वरील परीक्षा कराव्यात. दर्शनरांगेवर सावलीचे कापड, प्रांगणात तागाचे पट्टे, वाटेवर पाणपोई हेही वस्त्रदानाइतकेच पुण्यप्रद आहे.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी स्वतः आयुष्यभर चिंध्यांचा वेश धारण केला आणि मिळालेल्या दानातून यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. घेणाऱ्याची गरज पाहून दान करावे, हा त्यांच्या जीवनाचा धडा वऱ्हाडातील दात्यांस परका नाही.

वस्त्रांची मर्यादा

वस्त्र कितीही चांगले असले तरी ते सावलीची व पाण्याची जागा घेऊ शकत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्कार प्रदान सोहळ्यास लाखोंचा श्रद्धाळू समुदाय उघड्या मैदानात दुपारपर्यंत बसला होता. उष्माघाताने त्यांपैकी १४ जणांचा मृत्यू झाला. तेथील तापमान वऱ्हाडच्या तुलनेत कमीच होते. परंतु दमट हवेत घाम वाळत नाही व डोक्यावर छाया नव्हती. श्रद्धेने बसलेल्या माणसास आपल्या देहाची अवस्था उशिरा कळते, हे त्या दुःखद घटनेने दाखवून दिले.

म्हणून दुपारी १२ ते ४ या वेळेत पायी चालणे व उघड्या रांगेत उभे राहणे टाळावे. तहान लागण्यापूर्वीच पाणी, ताक किंवा पन्हे घेत राहावे. उपवास असला तरी पाणी सोडू नये. सहयात्रिक असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल गेला किंवा अंग चटका बसावा इतके तापले, तर तो उष्माघात समजावा. त्यास तत्काळ सावलीत न्यावे, कमरेची व गळ्याची वस्त्रे सैल करावीत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.

प्रस्थानापूर्वी पिशवीत दोन जोड सैल सुती कपडे, एक रुंद दुपट्टा, छत्री, मोजे व पाण्याची बाटली आहे याची खात्री करून घ्यावी. घरातील वृद्ध व बालके यांची पिशवी आधी भरावी, मग स्वतःची. दर्शन घेऊन सर्वजण सुखरूप घरी परततात, तेव्हाच यात्रा खऱ्या अर्थाने पूर्ण होते.