वाऱ्याला दूषण देऊ नका
सात रात्री व आठ दिवस सुटलेल्या प्रचंड वाऱ्याने आद या बलाढ्य लोकसमूहाचा नाश झाला, असे सूरह अल्-हाक्का (६९:६-७) सांगते. मात्र पावसाचे ढगही वाराच वाहून आणतो. म्हणून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी वाऱ्याला शिव्या देण्यास मनाई केली, त्यातील भलाई मागण्याची आणि अनिष्टापासून अल्लाहचा आश्रय घेण्याची दुआ शिकवली.

वाळवंटातील वादळ आपल्यापासून दूर नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानाकडून उठलेली धूळ मुंबईपर्यंत पोहोचली होती. पिंपळगाव बसवंतच्या शिवारात अवकाळी वारा तयार द्राक्षबाग आडवी करतो, तेव्हा जीभ आवरणे हा सब्र होय. आणि ज्याची बाग वाचली, त्याने शेजाऱ्याच्या बांधावर मदतीला जाणे हा शुक्र होय.