आधी एक काम तडीस न्या

पदवी घेतलेली मुलं भेटली की विचारतात, "काका, धंदा कुठला करू?" मी सांगतो, आधी हाताने एक वस्तू करा, अनोळखी गिऱ्हाइकाला विका, मग बोलू. भाषणं ऐकून चढलेली धंद्याची हौस आठवडाभरात उतरते. आपल्या हातच्या कामाचे कुणी पैसे मोजून दिले, की ती अंगात मुरते.

जमलं तर शिरूर तालुक्यातल्या पाबळला जाऊन या. हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन सोडून डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. मुलं वर्षभर राहून वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती, कोंबडीपालन शिकतात आणि शिकता शिकताच गावकऱ्यांची कामं पैसे घेऊन करतात. मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. काम बिघडलं की गिऱ्हाईक दारात येतं. असा परीक्षक कॉलेजात मिळत नाही.

समजा, खिडकीची ग्रिल करायला घेतलीत. माप वर, मध्ये आणि खाली असं तीनदा घ्या. भिंतीतली चौकट सरळ असेलच असं नाही. फ्रेम आधी नुसती टाक्यांवर जोडा आणि टेपने दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले तरच पक्कं वेल्डिंग करा, एकट्या गुण्यावर विसंबू नका. त्याच संध्याकाळी वहीत लिहा: लोखंड किती किलो आणलं, कापताना किती वाया गेलं, रॉड किती संपले, प्राइमर, वीज, टेम्पोभाडं. आणि स्वतःची मजुरी. बहुतेक पोरं इथेच बुडतात. लोखंडाच्या भावावर थोडं चढवून दर सांगतात आणि आपले दिवस फुकट देऊन बसतात. निदान मालाचे पैसे आगाऊ घ्याच.

पहिलं गिऱ्हाईक नात्यातलं नको. वाकड्या कामालाही नातेवाईक छान म्हणतात आणि पैशाच्या वेळी 'घरचंच आहे' म्हणतात.

नकाराने खचू नका. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते, मग बेळगावात सायकलींचं दुकान काढलं आणि पुढे लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घेईनात. लक्ष्मणराव नांगर करत राहिले. गिऱ्हाईक 'नको' म्हणालं, तर का नको ते विचारा आणि तेही वहीत लिहा.

कॉलेज चालवणाऱ्यांनाही विनंती आहे. वर्कशॉपमधला जॉब मार्क देऊन भंगारात टाकू नका. जवळच्या शाळेला बाकं लागतात, अंगणवाडीला रॅक लागते. ती ऑर्डर मुलांना घेऊ द्या, दर त्यांनाच ठरवू द्या आणि मिळालेले पैसे त्यांच्याच हातात द्या.