पेशीतला वाचक : प्रोस्टेट कर्करोग आणि अँड्रोजन रिसेप्टर

मी साहित्याची विद्यार्थिनी. या विषयाकडे वळले ते ‘वाचन’ या एका गोष्टीमुळे. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांचा एकच ग्रंथ असतो. तरी यकृताची पेशी वेगळी, डोळ्याची वेगळी. कारण कुठलं पान कधी उघडायचं, हे काही प्रथिनं ठरवतात. ती डीएनएला चिकटून जनुकं चालू किंवा बंद करतात.

पुरुषांच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट ग्रंथी असते. तिथलं असं मुख्य प्रथिन म्हणजे अँड्रोजन रिसेप्टर. टेस्टोस्टेरॉन येऊन चिकटलं की ते पेशीच्या केंद्रकात जातं आणि जनुकं चालू करतं. कर्करोगाच्या पेशी याच मार्गावर वाढतात. १९४१ साली शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिलं, की हे हार्मोन कमी केलं तर पसरलेला आजारही मागे हटतो. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आजही प्रगत आजारात उपचाराचा पाया हाच आहे.

२००५ मध्ये मिशिगनच्या अरुल चिन्नय्यन यांच्या गटाला आणखी एक गोष्ट सापडली. अनेक रुग्णांत हार्मोनवर चालणाऱ्या एका जनुकाचं ‘बटण’ तुटून ईआरजी नावाच्या जनुकाला जोडलं गेलेलं असतं. ईआरजीसुद्धा जनुकं चालवणारंच प्रथिन बनवतं! म्हणजे एक वाचक दुसऱ्याला जागं करतो.

मग हार्मोन कमी करूनही आजार बहुतेकदा पुन्हा का वाढतो? कारण खुद्द वाचक बदलतो. काही पेशींत रिसेप्टरच्या जनुकाच्या प्रती वाढतात. मग अगदी थोडं हार्मोनही पुरतं. काहींत एआर-व्ही७ हा आखूड प्रकार तयार होतो. हार्मोन जिथे बसतं तो भागच त्याला नसतो. एन्झालुटामाइड हे औषधही त्याच जागी बसतं. जागाच नाही, तर औषध बसणार कुठे? हा आखूड रिसेप्टर मात्र हार्मोनशिवाय काम चालू ठेवतो.

हे समजून घेणं मला महत्त्वाचं वाटतं. औषध लागू पडेनासं झालं की आपल्याकडे पथ्याला बोल लावतात, ‘प्रार्थना कमी पडली’ असंही म्हणतात. आजारी माणूस ते निमूट ऐकून घेतो. पण बदल झालेला असतो पेशीतल्या प्रथिनात. त्यात त्याचा काय दोष? अशा वेळी घरच्यांनी त्याला जाब विचारू नये. डॉक्टरांना विचारावं, आता पुढचा उपचार कोणता?